घोडा घ्यावा बघून!

या पानावर आपण आजवर मोबाइल निवडले, ट्रेकिंगचे शूज निवडले, मागे एकदा तर मिक्सरसुद्धा निवडला (त्यावर आलेले मेल्स वाचून माझी आई अजून हसतेय). या वेळची वस्तू मात्र तुम्ही लंच टाइममध्ये जाऊन घेऊ शकत नाही. मीही घेऊ शकत नाही. आणि जिथे ती शेल्फवर सरळ मांडून ठेवलेली होती, तिथे मला तिला बोटसुद्धा लावता आलं नाही. तरी लिहितोय, कारण इतकी अवघड निवड मी आजवर कुणाला करताना बघितलेली नाही.

झालं असं, की प्रोजेक्टसाठी तीन महिने डॅलसजवळ होतो. तिथे माझा मावसभाऊ राहतो. मूळचा कोल्हापूरचा, आता रीतसर अमेरिकन सिटिझन. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादा म्हणजे शांत माणूस. ऑफिस, लॉन, मुलाचं सॉकर, शनिवारी मिसळ. तर या शांत माणसाने २०२० साली पिस्तूल घेतलं. त्या वर्षी अमेरिकेत बंदुकांची विक्रमी विक्री झाली, त्यात आमच्या दादाचा खारीचा वाटा.

आता घेतलं ते घेतलं, पण कुठलं? तर थेट नाइन्टीन-इलेव्हन. म्हणजे युद्धाच्या प्रत्येक इंग्लिश सिनेमात ऑफिसरच्या कमरेला असतं ना, ते. जॉन ब्राउनिंग नावाच्या अवलियाने डिझाइन केलेलं, अमेरिकन आर्मीने १९११ साली स्वीकारलेलं आणि १९८५ पर्यंत अधिकृत म्हणून वापरलेलं. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे तेच. रिकामं असतानाच वजन १.१ किलो. गोळी पॉइंट फोर फाइव्ह, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर जाडीची आणि पंधरा ग्रॅम वजनाची. रॉयल एनफिल्ड बुलेटवर ज्या कारणाने आपला जीव जडतो, अगदी त्याच कारणाने दादाचा याच्यावर जडला. मायलेज विचारायचं नाही, बास.

एका शनिवारी तो मला रेंजवर घेऊन गेला.

इथे एक मिनिट थांबा. तुमच्यापैकी बरेच जण ऑनसाइट जाणार, कुणीतरी कलीग 'चल, एकदा ट्राय तर कर' म्हणून रेंजवर नेणार. नादी लागू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बिझनेस व्हिसा, एच-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याचं पिस्तूल तासभर हातात धरणं हेही त्यातच येतं. काही अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात मजेशीर म्हणजे शिकारीचा चालू परवाना! तो असेल तर चालतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांसाठी मात्र हा किरकोळ नाही, चांगला तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. फेसबुकवर टाकायच्या एका फोटोसाठी तुरुंग आणि परतीचं तिकीट ही डील काही परवडणारी नाही. म्हणून मी कानाला ते मोठे मफ लावून, डोळ्यांना प्लॅस्टिकचा चष्मा चढवून, जाड काचेच्या अलीकडे उभा राहिलो.

आणि काचेतून जे दिसलं ते बघून मला दादाची कीव आली. सात यार्ड, म्हणजे जेमतेम एकवीस फूट. आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. समोर वहीच्या पानाएवढं टार्गेट. दादाच्या सात गोळ्यांपैकी दोन कागदावर, तीन कागदाच्या खाली, एक टार्गेट अडकवायच्या पट्टीला आणि एक देव जाणे कुठे.

तिथली इन्स्ट्रक्टर म्हणजे साठीच्या पुढच्या एक बाई. आवाज आपल्या शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखा. तिने काही न बोलता दादाच्या हातातलं मॅगझिन घेतलं, पाठ वळवून भरलं आणि परत दिलं. त्यात खऱ्या गोळ्यांच्या मध्ये दोन डमी होत्या. दिसायला गोळी, आत काही नाही. कितव्या नंबरला, हे दादाला माहीत नाही.

धाड. धाड. आणि मग नुसतंच टक.

गोळी उडाली नाही, आवाज झाला नाही, झटका बसला नाही. तरीही पिस्तुलाच्या नळीने सपकन खाली मान घातली. चार बोटं तरी गेली असेल खाली. मला काचेतून स्वच्छ दिसलं, दादालाही दिसलं, आणि मागे बाकावर बसलेल्या वहिनींनाही.

बॉस, हा दचका. पिस्तूल उडणार, मोठा आवाज होणार, हाताला हिसका बसणार हे मेंदूला ठाऊक असतं. त्यामुळे चाप ओढायच्या क्षणी तो हाताला आधीच सांगून ठेवतो, दाब खाली! बोटाने चाप पूर्ण ओढेपर्यंत नळी खाली गेलेली असते. एरवी खऱ्या गोळीच्या धक्क्यात हे झाकून जातं आणि माणूस म्हणतो, माझ्या पिस्तुलाचा नेमच बरोबर नाही. पहिल्यांदा सीझन बॉलसमोर बॅटिंगला उभे राहिला होतात ते आठवा. टेनिस बॉलला गल्लीत सिक्सर मारणारे आपण, सीझन बॉल हातातून सुटायच्या आधीच डोळे मिटून मागे सरकायचो. बॅट चांगली होती हो. डोळे बंद होते.

गाडीत बसेपर्यंत वहिनी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'हे बघ, मी घेताना काही बोलले नाही. पण जी वस्तू तुला धड चालवता येत नाही, ती माझ्या घरात नको. दिवाळीपर्यंत शीक, नाहीतर विकून टाक.' पुतण्या नऊ वर्षांचा आहे. हल्ली खुर्चीवर स्टूल ठेवून माळ्यावरची बिस्किटं काढतो. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा आईबापांचा गुन्हा मानला जातो. तिजोरी होती घरात, पण तिचा कोड काय होता माहितीय? पुतण्याची जन्मतारीख! वहिनींनी त्याच संध्याकाळी बदलला. नवा कोड दादाला सांगितला नाही.

दादाला रेंजवर जाऊन सराव करायचा असेल तर वहिनींकडून पिस्तूल मागून घ्यायचं. सिम्पल.

दचक्यावर उपाय त्या इन्स्ट्रक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवला होता: पॉइंट टू टू. म्हणजे साडेपाच मिलिमीटरची चिमुकली गोळी. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. आवाज फटाक्याच्या लडीतल्या एका लवंगीएवढा, झटका जवळपास नाही. आपली कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८च्या जकार्ता एशियाडचं गोल्ड घेऊन आली, ते याच गोळीवर. तेव्हा 'बारकी गोळी' म्हणून नाक मुरडायचं काम नाही. दादाला मी हे ऐकवलं तेव्हा तो जरा सावरला.

त्यात गणितही सोपं. पॉइंट फोर फाइव्हची एक गोळी साधारण पंचेचाळीस सेंटला पडते, टू टूची सात-आठ सेंटला. भाव वरखाली होतात, पण हिशेब ढोबळमानाने हाच. एका शनिवारी दोनशे गोळ्या मारल्या तर एकीकडे नव्वद डॉलर, दुसरीकडे सोळा. म्हणजे चारशे डॉलरचं टू टू पिस्तूल पाच-सहा शनिवारांत फुकट. (आयटीतला माणूस स्वतःच्या खर्चाचं समर्थन कसं करतो, याचं हे एक्सेल शीट दादाने वहिनींना खरंच मेल केलं होतं.)

गंमत म्हणजे हेच एक्सेल शीट अमेरिकन आर्मीने नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी मांडलं होतं. मंदीचे दिवस, सैनिकांना नेम शिकवायचाय, मोठ्या गोळ्या महाग. मग १९३१ साली कोल्ट कंपनीने नाइन्टीन-इलेव्हनच्याच अंगाचं, पण टू टू गोळीचं पिस्तूल काढलं. नाव 'एस'. आयडिया झकास होती, पण एक लोचा होता. या प्रकारच्या पिस्तुलात वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, प्रत्येक गोळीच्या जोराने मागे सरकते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी भरते. आता ती स्लाइड मोठ्या गोळीच्या हिशेबाने जड. लवंगीच्या जोरावर ती ढकलणार कशी? नॅनोचं इंजिन ट्रकला लावल्यासारखं. शिवाय झटकाच नाही, म्हणजे सैनिकाला खऱ्या पिस्तुलाची सवय ती काय होणार?

यावर तोडगा काढला एका जन्मठेपेसारखी लांबलचक शिक्षा झालेल्या कैद्याने. खोटं वाटेल, पण रेकॉर्डवर आहे. नॉर्थ कॅरोलायनातला डेव्हिड मार्शल विल्यम्स. दारूबंदीच्या काळात हातभट्टी चालवायचा. १९२१ साली भट्टीवर धाड पडली, गोळीबारात एक डेप्युटी शेरीफ मारला गेला आणि विल्यम्सला वीस ते तीस वर्षांची सजा झाली. तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये बसून हा पठ्ठ्या चक्क बंदुकांच्या यंत्रणा बनवायला लागला, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने बनवू दिल्या! १९२९ साली सुटला. त्याची एक युक्ती होती तरंगती चेंबर. गोळी ज्या खोबणीत बसते ती खोबणीच वेगळी, सुटी ठेवायची. गोळी उडाली की गॅसच्या दाबाने हा तुकडा मागे आपटतो आणि स्लाइडला सणसणीत लाथ घालतो. छोटी गोळी, पण लाथ मोठ्या गोळीची आठवण करून देणारी. कोल्टने ही युक्ती 'सर्व्हिस मॉडेल एस'मध्ये घातली. पुढे याच विल्यम्सवर १९५२ मध्ये हॉलिवूडने सिनेमा काढला, जेम्स स्ट्युअर्टला घेऊन. तरंगत्या चेंबरची एक खोड मात्र होती. टू टू गोळीचं शिसं आणि काजळी तिच्या फटीत जाऊन बसायची आणि सारखी साफसफाई करावी लागायची. आज ती जुनी पिस्तुलं जमवणाऱ्यांच्या कपाटात असतात आणि किंमत ऐकली की आपल्यालाच दचका बसतो.

असो. दादाला कपाटात ठेवायचं नव्हतं, दिवाळीपर्यंत शिकायचं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे रेंजवर. तिथे पिस्तुलं भाड्याने मिळतात, दोन-तीन घेऊन बघायची, मग ठरवायचं. (आपल्याकडे टेस्ट राइडला बाईक देताना शोरूमवाला चेहरा कसा करतो ते आठवून मला भरून आलं.) वहिनी ग्रीन कार्डवर आहेत, त्यामुळे त्या आत. मी आपला काचेच्या अलीकडे, हातात कॉफी आणि डायरी.

पहिलं आलं ब्राउनिंग कंपनीचं. नाइन्टीन-इलेव्हनची शंभरी झाली तेव्हा, म्हणजे २०११ साली, कंपनीने काढलेलं टू टू मॉडेल. दिसायला हुबेहूब, पण मापाला अस्सलच्या ८५ टक्के. वजन अर्ध्या किलोच्या आत. हे बघताक्षणी कुणीही प्रेमात पडेल, एवढं गोड आहे. वहिनींच्या हातात तर ते असं बसलं की जणू मापं घेऊन शिवलंय. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल धरलं आणि दहापैकी आठ गोळ्या वहीच्या पानावर. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दादाचा पंजा मोठा. अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर जायला लागला की पुढेच जायचा. ८५ टक्क्यांच्या पिस्तुलावर हाताला जी अंतरं पाठ होतील, ती शंभर टक्क्यांच्या पिस्तुलावर चुकणार. लहान मापाच्या हार्मोनियमवर रियाज करून मोठीवर मैफल करायला बसल्यासारखं.

दुसरं रुगर. मार्क फोर, ट्वेंटीटू-फोर्टीफाइव्ह. नावातच सगळं आहे: गोळी टू टूची, मुठीचा कोन फोर्टी-फाइव्हचा. या घराण्याचं पहिलं पिस्तूल १९४९ सालचं, म्हणजे खानदान जुनं. २०१६मध्ये आलेल्या या मार्क फोरमध्ये एक बटण दाबलं की पिस्तूल साफ करायला उघडतं. त्याआधीची मॉडेल्स उघडून पुन्हा जोडताना भल्याभल्यांनी देव आठवलेत, असं ती इन्स्ट्रक्टर म्हणाली. याची नळी जागची हलत नाही, वर स्लाइड नाहीच, आत फक्त एक बोल्ट मागेपुढे होतो. त्यामुळे नेम असा लागतो की विचारू नका. दादाच्या दहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत! मोबाइल काढून टार्गेटचा फोटो, लगेच आमच्या मावशीला व्हॉट्सॲप. 'हेच घेऊया,' तो काचेतून मला खुणेने सांगत होता.

इथेच खरी गोची आहे, आणि ती फक्त पिस्तुलाची नाही. ट्रायलमध्ये ज्या वस्तूवर आपण सगळ्यात हुशार दिसतो, ती आपल्याला हवीहवीशी वाटते. पण दादा मेडल मारायला आला नव्हता. त्याला ते तिजोरीतलं, १.१ किलोचं, हिसके देणारं धूड शिकायचं होतं. त्या धुडाला मागे घोडा आहे, तो चढवावा लागतो. मुठीच्या मागे दाबला जाणारा एक सेफ्टीचा पत्रा आहे. स्लाइड दोन बोटांत धरून मागे खेचावी लागते. रुगरमध्ये मुठीचा कोन सोडला तर यातलं बहुतेक काही नाही. नेम शिकायचा असेल तर रुगरसारखं दुसरं नाही, असं माझं (काचेआडचं!) मत. पण नाइन्टीन-इलेव्हन शिकायची असेल तर हात दुसऱ्याच सवयी लावून घेईल.

तिसरा पर्याय एका नेहमीच्या आजोबांनी दाखवला. टोपी, सस्पेंडर्स, हातात टूलबॉक्स. त्यांच्याकडे कन्व्हर्जन किट होता. म्हणजे काय, तर आपल्याच फोर्टी-फाइव्हची स्लाइड आणि नळी उतरवायची, त्या जागी टू टूची हलकी स्लाइड, नळी आणि मॅगझिन लावायचं. खालचं अंग तेच. तीच मूठ, तोच चाप, तोच खटका. कल्पना म्हणून याला तोड नाही. शिवाय अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे खालचा सांगाडा, त्यामुळे नुसता किट घेताना नव्या बंदुकीसारखा सरकारी फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही. आजोबांनी प्रेमाने दादाच्या पिस्तुलावर तो चढवून दिला. पहिल्याच मॅगझिनला दोनदा अडकला. आजोबांनी स्वस्तातल्या गोळ्या काढून जास्त वेगाच्या गोळ्या भरल्या, मग मात्र मख्खनसारखा चालला. टू टू पिस्तुलं अशीच खाण्यापिण्याच्या बाबतीत नखरेल असतात. एका ब्रँडच्या गोळ्या आवडतात, दुसऱ्या थुंकून टाकतात. तीन-चार प्रकारची छोटी पाकिटं घेऊन बघायची आणि जे रुचेल त्याचाच मोठा डबा आणायचा. पण किटमध्ये दादाला एक वेगळीच अडचण दिसली: दर वेळी वहिनींकडून पिस्तूल मागायचं, ते उघडायचं, बदलायचं, परत बदलायचं. दोन-चारदा उत्साहाने होईल, मग आळस. दादाला मी ओळखतो. त्याच्या ट्रेडमिलवर कपडे वाळत असतात.

राहिल्या पूर्ण मापाच्या जर्मन कॉप्या. एक वाल्थरने कोल्टच्या परवान्याने बनवलेली, दुसरी जीएसजी या कंपनीची. दोन्ही अस्सलच्या मापाच्या, सगळे खटके जागच्या जागी, कमरेला तोच होल्स्टर चालतो. जीएसजीचं वजन किलोच्या जवळपास. बरेचसे सुटे भागही खऱ्या नाइन्टीन-इलेव्हनचेच बसतात. मुठीच्या पट्ट्या, चाप वगैरे बदलायचा असेल तर बाजारात ढीग पडलाय. वरची स्लाइड पोलादी नाही, जस्ताच्या मिश्रधातूची आहे. दादाला आधी ते खटकलं. 'जस्त? म्हणजे बादलीसारखं?' पण विचार केला तर तेच बरोबर आहे. लवंगीच्या जोराने हलायचं तर स्लाइड हलकीच हवी, आणि टू टूचा दाब तसाही कमी. एसच्या वेळची जी डोकेदुखी होती, ती यांनी स्लाइडचं वजन उतरवून संपवली. शंभर वर्षं टिकेल का? माहीत नाही, आणि दादाला शंभर वर्षं शिकायचंही नव्हतं.

इन्स्ट्रक्टरबाईंनी एक सोपी परीक्षा घेतली. दादाला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या हातात आधी त्याचं रिकामं फोर्टी-फाइव्ह दिलं, मग एकेक करून बाकीची, तीही रिकामी. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर. 'सेफ्टी काढ.' 'मॅगझिनचं बटण दाब.' 'स्लाइड खेच.' प्रत्येक वेळी अंगठा कुठे अडखळतो ते ती बघत होती. ब्राउनिंगला अडखळला, रुगरवर स्लाइड शोधत हवेत हात फिरवला. जीएसजीवर? बिनधास्त. जणू तेच. टार्गेट बघून निवडलं असतं तर रुगर, हात बघून निवडलं तर हे. चारशेच्या आत काम झालं. बाईंनी वर एक वाक्य ऐकवलं ते मात्र दादाला लागलं: जे इथे तुला सगळ्यात छान जमतंय, ते तुला आधीच येतंय.

पुढचे दोन महिने मी दर शनिवारी काचेआड. पद्धत ठरलेली: दीडशे गोळ्या टू टूच्या, सावकाश. मग फोर्टी-फाइव्हची फक्त एक मॅगझिन, सात गोळ्या. मग पुन्हा टू टू. हे शेवटचं महत्त्वाचं, म्हणजे मोठ्या आवाजाची भीती घेऊन घरी जायचं नाही. नुसतं टू टूवरच राहिलं तर काय होतं, तर टेनिस बॉलचा सचिन. पहिला सीझन बॉल आला की पुन्हा डोळे बंद. झटका छोट्या पिस्तुलावर शिकताच येत नाही, ते नाटक करण्यात अर्थ नाही. त्यावर शिकायचं ते चाप सरळ ओढायला, म्हणजे मोठा झटका बसेल तेव्हा बिघडायला निदान काहीतरी जागेवर असेल.

घरी आल्यावरचे नियम वहिनींचे. टू टूची गोळी बऱ्याचदा उघड्या शिशाची, रेंजवरच्या धुरात आणि धुळीतही शिसं. म्हणून आल्या आल्या हात-तोंड साबणाने, तेही गार पाण्याने, कपडे थेट मशीनमध्ये, आणि तोवर मुलाला जवळ घ्यायचं नाही. बूट गॅरेजमध्येच. माझेही! मी म्हटलं, 'वहिनी, मी तर काचेच्या अलीकडे होतो.' त्या म्हणाल्या, 'बूट काढ.'

आठवड्यात दोन रात्री, मुलगा झोपल्यावर, आणखी एक व्यायाम चालायचा. वहिनी तिजोरीतून फोर्टी-फाइव्ह काढणार, दोघंही ते रिकामं असल्याचं आलटूनपालटून बघणार, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. मग विटांच्या भिंतीकडे तोंड करून दादा उभा, नळीच्या टोकाजवळ स्लाइडवर एक सेंटचं नाणं ठेवलेलं. चाप ओढायचा, टक, नाणं पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात नाणी वेचून वेचून माझी कंबर धरली. (हे टू टूवर करायचं नाही. त्या गोळीची ठिणगी तळाच्या कडेला असते, त्यामुळे चेंबर रिकामी असताना चाप ओढला तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. कुठल्या मॉडेलला चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.) वहिनी एकदा सोफ्यावरून म्हणाल्या, 'एका सेंटमध्ये होतंय की. मग ते चारशे डॉलर कशाला?' दादाकडे उत्तर होतं, पण त्याने दिलं नाही. उत्तर एवढंच की नाणं आवाज करत नाही. शांत खोलीत न दचकणं वेगळं आणि शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी तोफ डागत असताना न दचकणं वेगळं. टू टू त्या दोघांच्या मधली पायरी.

दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या आदल्या शनिवारी परीक्षा. इन्स्ट्रक्टरबाईंनी पुन्हा पाठ वळवून मॅगझिन भरलं, पुन्हा दोन डमी. या वेळी वहिनी काचेला नाक लावून माझ्या शेजारी.

धाड. धाड. धाड. टक.

नळी जागच्या जागी. दगडासारखी. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं ते सोडलं. धाड. धाड. आणि मग दुसरी टक, आणि नळीने परत मान टाकली. मागच्यासारखी चार बोटं नाही, एखादं बोट असेल. पण टाकली. पाच खऱ्या गोळ्यांपैकी चार वहीच्या पानावर, एक खाली.

घरी येताना गाडीत पुन्हा तीच शांतता. सिग्नलला दादा म्हणाला, 'मग काय ठरलं? विकायचं?'

वहिनी बाहेर बघत म्हणाल्या, 'संक्रांतीपर्यंत बघू.' आणि थोड्या वेळाने, 'पण ते छोटं, ब्राउनिंगचं, ते केवढ्याला होतं रे?'

मी नोव्हेंबरअखेर पुण्यात परत आलो. परवा व्हिडिओ कॉलवर दादाने नवीन टार्गेट दाखवलं, छान होतं. कुणाचं म्हणून विचारलं तर त्याने फोन वहिनींकडे वळवला. तिजोरीत आता तीन पिस्तुलं आहेत. कोड दादाला अजून माहीत नाही.